नियुक्ती-आदेशांची अंमलबजावणी आणि न्यायालयाचा अवमान (सोलापूर विद्यापीठ क्षेत्र)

विद्यापीठातील किंवा संलग्न महाविद्यालयातील नेमणूक, पुनर्स्थापना वा वैयक्तिक मान्यता (त्या व्यक्तीच्या नेमणुकीला विद्यापीठाची मंजुरी) यांविषयीचा न्यायालयाचा आदेश हेतुपुरस्सर पाळला नाही, अशा तक्रारीवरील दिवाणी अवमानाची कार्यवाही. आधार न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ आणि संविधानाचा अनुच्छेद २१५ (उच्च न्यायालयाचा अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार). कलम १२ नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रामाणिक माफी स्वीकारता येते.

सोलापूर जिल्हा २००४ पर्यंत शिवाजी विद्यापीठाकडे होता. त्यामुळे जुन्या नेमणुकांची मान्यतापत्रे कोल्हापूरची आणि पुढचा पत्रव्यवहार केगावच्या विद्यापीठाशी (२०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ), अशी विभागलेली कागदपत्रे आढळतात. जिल्ह्यातील याचिका पूर्वी मुंबईत चालत. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्या उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (फिरत्या खंडपीठाकडे) आहेत.

निकाल बहुधा मूळ आदेशाच्या शेवटच्या परिच्छेदावर ठरतो. ‘रुजू करून घ्यावे’ या आदेशाला रुजू अहवाल आणि हजेरीपटावरील सही हेच उत्तर. ‘विचार करावा’ असे म्हटले असेल, तर सकारण नकारही पूर्तता ठरू शकतो. ‘विचार करा’ या निर्देशाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात तपशिलाने उलगडला आहे. पूर्ततेसाठी काढलेला आदेश चुकीचा असला तरी त्याला नव्या याचिकेने आव्हान द्यावे, हा १९९६ पासूनचा प्रचलित दंडक. मात्र निव्वळ देखाव्यासाठी काढलेल्या पत्राला हे संरक्षण मिळू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मुदतीचा प्रश्न सर्वाधिक वादग्रस्त आहे. कलम २० प्रमाणे अवमान घडल्यापासून एक वर्ष. आदेशात आठ आठवडे दिले असतील, तर वर्ष ती मुदत संपल्यावर मोजायचे. न्यायालयाने वर्षाच्या आत नोटीस काढलीच पाहिजे, असा अर्थ पूर्वी लावला जाई. २००१ च्या निर्णयानंतर वर्षाच्या आत याचिका दाखल होणे पुरेसे आहे. रुजू करून न घेणे ही ‘सतत चालू असलेली चूक’ (म्हणजे चूक चालू असेपर्यंत मुदत नव्याने सुरू होत राहते) मानावी काय, यावर एकमत नाही. १९८९ च्या एका निर्णयात ताबा न देण्याबाबत तसे मानले होते. २०२४ च्या निर्णयाने ही सवलत बरीच आखडली. पगार दरमहा थांबतो म्हणून मुदत दरमहा नव्याने सुरू होते, या युक्तिवादावर विसंबणे धोक्याचे.

अंमलबजावणी तीन टेबलांवर अडते. संस्था रुजू करून घेते. विद्यापीठ बिंदुनामावलीच्या (आरक्षणानुसार पदांची क्रमवार नोंदवही) तपासणीअभावी मान्यता रोखते. मान्यतेअभावी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय वेतन काढत नाही. निर्देश केवळ संस्थेला असेल, तर सहसंचालकांविरुद्ध अवमान सहसा टिकत नाही. म्हणून मूळ याचिकेतच तिघांना प्रतिवादी करून प्रत्येकाविरुद्ध स्वतंत्र निर्देश मागावा लागतो. अवमानाची जबाबदारी व्यक्तिगत असल्याने त्या काळातील कुलसचिव, प्राचार्य वा संस्थेचे सचिव यांची नावे द्यावी लागतात. आदेशाची प्रमाणित प्रत त्यांना पोहोचल्याचा पुरावा, म्हणजे आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक असलेली पोच, नसेल तर हेतू सिद्ध करणे अवघड जाते.

अपील दाखल केल्याने आदेश आपोआप स्थगित होत नाही. स्थगितीचा अर्ज प्रलंबित असल्यास मात्र तो आधी ऐकला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुचवले आहे. कलम १९ चे अपील शिक्षेविरुद्धच चालते. अवमान याचिका फेटाळल्यास अर्जदाराला अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती (अपिलाची परवानगी) मागावी लागते.