कापूर, भाकरवडी आणि पँगाँग

लेहहून सकाळी निघालो, पँगाँग तळ्याला पोचायला पाच-सहा तास, मधे चांग ला नावाची खिंड, 5,300 मीटरच्याही वर. टेम्पो ट्रॅव्हलरमधे आम्ही बारा जण आणि जवळजवळ प्रत्येकाच्या रुमालात कापूर. "हुंगत राहा, ऑक्सिजन वाढतो", असं एक काका दर वळणावर बजावत होते.

कापरात ऑक्सिजनचा साठाबिठा काही नसतो हो. त्या वासाने नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चाळवतात, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, बस.

दुसरा गैरसमज म्हणजे वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. नाही, तिथंही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. खिंडीत बॅग उघडली तर भाकरवडीचं पाकीट टम्म फुगून उशी झालेली, कारण आत पुण्याची हवा कोंडलेली आणि बाहेरचा दाब जवळजवळ निम्मा.

आता माझा आवडता हिशोब, फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब किती उरतो त्याचा; आकड्यांचा कंटाळा असेल तर पुढचा पॅरा सोडा.

समुद्रसपाटीला हवेचा दाब 760 मिमी पारा, पँगाँगच्या काठावर (सुमारे 4,250 मीटर) साधारण 455. श्वासातली हवा आत जाताना ओली होते आणि ही वाफ मुंबई असो की लडाख, 47 मिमी खाणारच, कारण ती ठरते शरीराच्या तापमानावर. मग मुंबईत उरतात 713, त्याचे 21 टक्के 150. पँगाँगला उरतात 408, त्याचे 86. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा वाटा जातो, तो एरवी फुप्फुसात 40 मिमी असतो आणि त्यापायी ऑक्सिजनचे साधारण 50 कमी होतात. म्हणजे मुंबईत 100, पँगाँगला 36! एवढ्यावर भागत नाही, म्हणून शरीर न सांगता श्वास वाढवतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतं. तो 28 वर आला की वजा होतात फक्त 35, हातात उरतात 51. नुसत्या धापा टाकून 15 मिमीची कमाई.

पण कार्बन डायऑक्साइड गेला की रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र म्हणतं, पुरे आता. दिवसा निभतं, रात्री मात्र झोपेत काही सेकंद श्वास थांबतो, मग एकदम मोठी धाप लागून दचकून जाग येते. घाबरतात लोक, पण नव्या माणसाला तिथं हे बहुतेक होतंच. यावर उपाय किडन्यांकडे, त्या बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार लघवीवाटे टाकून रक्त ताळ्यावर आणतात, फक्त त्याला काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करून घेते (डॉक्टरांना विचारूनच घ्या). म्हणून आधी लेहला दोन दिवस गप पडून राहायचं, विमानातून उतरून थेट तळं गाठायचं नाही.

चारला पोचलो, समोर ते निळंशार खारट पाणी, आणि काकांनी बोटाला रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा ऑक्सिमीटर लावलेला. 81. कापूर नाकाशी धरून त्यांनी दहा खोल श्वास घेतले, 88! "बघा!" म्हणाले. मग मी तो रुमाल मागून घेतला, पाच मिनिटं थांबलो, आकडा परत 82 वर आल्यावर त्यांना तेवढेच खोल श्वास नुसतेच घ्यायला लावले. 88.

काकांनी आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि रुमाल परत मागितला.