‘मोटर गेली’ म्हणण्याआधी

खेड शिवापूरच्या टोलनाक्याजवळ पाऊस कोसळायला लागला आणि गाडीची माझ्या बाजूची काच अर्ध्यावर अडली. दोन्ही हातांनी ओढली तरी ढिम्म. ते बरोबरच होतं म्हणा: दरवाज्यातली छोटी मोटर वर्म गिअर (स्क्रूसारखा दातेरी दांडा) फिरवते, तो काचेला हलवतो, पण काच ढकलून तो उलटा फिरत नाही. चोराला काच खाली दाबता येत नाही ती त्यामुळेच. कात्रजपर्यंत उजवी बाही चिंब.

गॅरेजवाल्याने बटण दोनदा दाबलं. “मोटर गेली, साहेब.”

एवढ्यावर निकाल लागत नाही. मोटर गुणगुणते पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची, म्हणजे काच वर-खाली नेणाऱ्या यंत्रणेची, तार किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा तुटलेला असतो. काच रखडत चढते, तर आधी रबरी चॅनेलमधली धूळ काढून सिलिकॉन स्प्रे मारून बघावा. एकाच दिशेला अजिबात चालत नसेल तर संशय बटणावर घ्यावा. मोटरला दोनच तारा असतात. एरवी दोन्ही ग्राउंडला जोडलेल्या. बटण दाबलं की एकीला 12 व्होल्ट मिळतात, उलट दाबलं की दुसरीला. म्हणजे वर जाताना नि खाली येताना वीज त्याच तारांतून, त्याच मोटरमधून जाते. बदलतात ते फक्त बटणातले संपर्क.

माझी काच दोन्हीकडे मुकी. बाकीच्या तिन्ही चालत होत्या, आणि आमच्या गाडीत चौघींना मिळून एकच फ्यूज आहे. म्हणजे फ्यूज शाबूत.

दरवाज्याचं पॅड काढलं, मोटरचा प्लग सोडवून व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बटण दाबताच पूर्ण 12 व्होल्ट! क्षणभर वाटलं, गॅरेजवाला जिंकला. पण मीटर जवळपास काहीच प्रवाह ओढत नाही. तारेतला एक धागा शिल्लक असला तरी तो खुशाल 12 दाखवतो. म्हणून मीटरच्या जागी इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब लावला. त्याला पावणेदोन अँपिअर लागतात. तो जेमतेम लालसर झाला. बटण दाबूनच ठेवलं आणि दरवाजा हलवला, तसा लख्ख पेटला.

चोर बिजागरीजवळच्या रबरी नळीत होता. दरवाजा उघडताना दर वेळी तिथे तारा वाकतात. तांबं कडक होत जातं आणि एकेक धागा तुटतो.

नाना पेठेतून बारीक धाग्यांची लवचीक तार आणली. जोड मात्र नळीच्या बाहेर, दोन्ही टोकांना घेतले. सोल्डर केलेली जागा ताठ होते. ती वाकणाऱ्या भागात आली की तिच्या कडेला तार पुन्हा तुटते.