अंगठ्याला नुसती कातडी लावून भागत नाही

कडबाकुट्टी, पॉवर प्रेस, रसवंतीचा चरक, यात बोटं सापडणं वाईटच, पण अंगठा सापडला तर जास्त वाईट, कारण हाताच्या कामातला साधारण 40 टक्के वाटा त्या एकट्याचा धरतात. शर्टाचं बटण लावून बघा अंगठा न वापरता, म्हणजे कळेल.

आता बऱ्याच जणांना वाटतं की मांडीची कातडी काढून चिकटवली की झालं काम. पण ती पातळ कातडी जगते खालून रक्त मिळालं तरच, आणि उघड्या पडलेल्या हाडावर कुठलं आलंय रक्त? म्हणून फ्लॅप करतात, म्हणजे कातडी, खालची चरबी आणि रक्तवाहिनी असं सगळं एकत्रच सरकवायचं. कल्पना जुनी आहे, पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने परत केलं होतं, ती बातमी 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आलेली.

अंगठ्याचं फक्त टोक गेलं असेल, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, तर त्याच्याच तळव्याकडची कातडी पुढे ओढून घेतात, याला मोबर्ग फ्लॅप म्हणतात. त्यात दोन्ही बाजूच्या नर्व्ह सोबतच येतात त्यामुळे स्पर्श शाबूत राहतो, हा मोठा फायदा. जखम मोठी असली तर तर्जनीच्या पाठीवरून काइट फ्लॅप, रक्तवाहिनीची शेपटी असलेला पतंगच तो, कातडीखालून बोगदा करून अंगठ्यावर आणतात.

मला सगळ्यात भारी वाटतो तो लिटलर फ्लॅप. मधल्या बोटाच्या कडेची कातडी नर्व्हसकट अंगठ्यावर बसवतात, मग पेशंटच्या अंगठ्याला टाचणी लावली की तो म्हणतो मधल्या बोटाला टोचलं! मेंदूचा जुना नकाशा काही लगेच बदलत नाही, काहींचा तर कधीच नाही. म्हणूनही आता हा कमी करतात.

सगळाच अंगठा सोलून निघाला तर हात जांघेला शिवून ठेवतात, साधारण तीन आठवडे, तोवर अंगठ्याकडून नवीन रक्तपुरवठा तयार होतो आणि मग जोड कापतात. अंघोळ, कपडे, झोप सगळ्याचे हाल, आणि एवढं करून अंगठा जाडजूड दिसतो आणि त्याला फारसं काही जाणवत नाही, त्यामुळे अंगठा मुळापासून गेलेला असेल तर डॉक्टर पायाचं बोटच काढून हाताला लावायचा विचार करतात, रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडून.