पोरगा कोणाचा? ओशावा जनरल्सची पार्श्वभूमी

ज्युनियर आईस हॉकी हा १६ ते २० वर्षांच्या मुलांचा खेळ. मुलगा येतो, तीन-चार हंगाम खेळतो आणि जातो. कोणी व्यावसायिक संघात, कोणी कॉलेजात, बरेचसे घरी. त्यामुळे अशा संघाचा इतिहास खेळाडूंची नावं मोजून हाती लागत नाही. त्यात टिकून राहतात तीन गोष्टी: गाव, बर्फाचा हॉल आणि मुलावर हक्क कोणाचा हे ठरवणारा नियम. यातली तिसरी सगळ्यात वजनदार. कॅनडातला ओशावा जनरल्स हा संघ त्यासाठी उत्तम उदाहरण. ऑन्टारियो प्रांताच्या ज्युनियर लीगची १३ अजिंक्यपदं त्याच्या नावावर आहेत, इतर कोणत्याही संघापेक्षा जास्त. देशभरातल्या ज्युनियर संघांचा मेमोरियल कपही त्याने पाचदा जिंकलाय.

ओशावा टोरोंटोच्या पूर्वेला सुमारे ६० किमीवर, ऑन्टारियो सरोवराच्या काठी आहे. मॅकलॉफ्लिन घराण्याच्या बग्ग्या आणि मोटारींच्या कारखान्यावर हे गाव मोठं झालं. १९१८ मध्ये तोच कारखाना जनरल मोटर्स ऑफ कॅनडा झाला. एप्रिल १९३७ मध्ये तिथल्या सुमारे ४,००० कामगारांनी संप केला. ऑन्टारियोचे पंतप्रधान मिचेल हेपबर्न संघटनेच्या विरोधात उभे ठाकले, तरी पंधरवड्यात तडजोड झाली. त्याच वर्षी कंपनीच्या पाठबळावर ज्युनियर हॉकी संघ उभा राहिला आणि कंपनीच्या नावातला ‘जनरल’ त्याला चिकटला. सेनापतींशी त्याचा काही संबंध नाही.

सुरुवातीची घोडदौड आजही अविश्वसनीय वाटते. १९३८ ते १९४४ अशी सलग सात वर्षं ऑन्टारियोचं अजिंक्यपद ओशावातच राहिलं. १९३९, १९४० आणि १९४४ मध्ये मेमोरियल कपही आला. हा कप १९१९ पासून दिला जातो, पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ. जनरल्सच्या बाबतीत ते स्मरण फार जवळ येऊन ठेपलं. १९४२-४३ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा त्यांचा रेड टिल्सन ऑक्टोबर १९४४ मध्ये युरोपच्या आघाडीवर मारला गेला. (गोल केला की एक गुण, गोलसाठी पास दिला तरी एक गुण, असा हा हिशोब.) लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला आजही रेड टिल्सन करंडक देतात. पुढे १९९१ मध्ये एरिक लिंड्रॉसने आणि २००७ मध्ये जॉन टवॅरेसने तो ओशावात परत आणला.

सप्टेंबर १९५३ मध्ये, हंगाम अगदी तोंडावर असताना, गावातला हॉल जळून खाक झाला. १९४४ च्या विजेत्यांच्या गावात पुढची नऊ वर्षं संघच नव्हता. एका हॉलपायी इतकं का अडावं, हे कळायला बर्फाखाली काय असतं ते पाहावं लागतं. मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. खाली काँक्रीटची लादी आणि तिच्या पोटात साधारण दर १० सेंमीवर एक नळी. सगळ्या नळ्या एका ओळीत मांडल्या तर १५ किमीच्या आसपास भरतील. त्यांतून शून्याखाली आठ-दहा अंशांवरचं खारं पाणी फिरत राहतं आणि ते थंड ठेवायला कॉम्प्रेसर अखंड चालतात. लादी पुरेशी गार झाली की वर पाण्याचे पातळ फवारे मारतात, मग पांढरा रंग, मग रेषा आणि वर्तुळं, मग पुन्हा थरावर थर. जाडी जेमतेम ३ सेंमी होईपर्यंत हे चालतं. घाई करून एकदम पाणी ओतलं तर हवा आत अडकते आणि बर्फ ठिसूळ होतो. थर जास्त जाड झाला तर खालची थंडी वरपर्यंत पोचत नाही, पृष्ठभाग मऊ पडतो, स्केट रुततात आणि कॉम्प्रेसरचं बिल फुगतं. फार पातळ ठेवला तर पात्याखाली थेट रंग निघून येतो. सामन्याच्या मध्यंतरात झांबोनी गाडी वरचा खरवडलेला थर तासते आणि मागे गरम पाणी सोडत जाते. गरम अशासाठी, की त्यात विरघळलेली हवा कमी असते आणि पात्यांच्या चरांत ते नीट मुरतं. असा हॉल जळाला की छप्पर घालून काम भागत नाही. यंत्रं, नळ्या, लादी सगळं नव्याने करावं लागतं, आणि तोवर मुलं दुसऱ्या गावांच्या संघांत पांगलेली असतात.

संघ पुन्हा उभा राहिला १९६२ मध्ये, आणि त्यामागे मोटारकंपनी नव्हती, बॉस्टन ब्रुइन्स हा व्यावसायिक संघ होता. त्या काळी एनएचएल या व्यावसायिक लीगचे संघ ज्युनियर संघांना पोसत आणि तिथली मुलं आपली म्हणून बांधून ठेवत. बांधायचा कागद म्हणजे ‘सी फॉर्म’. त्यावर सही झाली की मुलाच्या व्यावसायिक खेळावर त्या संघाचा हक्क, आणि तो सोडायचा की नाही हे संघाने ठरवायचं. पॅरी साउंड या छोट्या गावातल्या चौदा वर्षांच्या बॉबी ऑरची सही अशीच झाली. बदल्यात मिळालेल्या गोष्टींत घराला बाहेरून नवा गिलावा हीसुद्धा एक होती! बॉस्टनसाठी हे सगळं जुळवून आणणारा माणूस होता रेन ब्लेअर.

मुलगा होता, पण बर्फ अजून नव्हता. पहिला हंगाम जनरल्स टोरोंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये ‘घरचे’ सामने खेळले. ऑर आठवडाभर पॅरी साउंडमध्ये शाळेत जायचा आणि शनिवार-रविवारी गाडीने दोनशेहून अधिक किमी येऊन खेळायचा. पुढच्या वर्षी तो ओशावात एका कुटुंबाकडे राहायला आला. ज्युनियर हॉकीत आजही हीच रीत आहे: घरापासून लांब आलेला मुलगा यजमान कुटुंबाकडे राहतो, तिथेच जेवतो आणि गावातल्या शाळेत जातो. तोवर संघ शेजारच्या बोमनव्हिलच्या हॉलमध्ये खेळत होता. शहराचं स्वतःचं सिव्हिक ऑडिटोरियम उघडलं डिसेंबर १९६४ मध्ये.

ऑर बचावपटू. बचावपटूने मागे राहून पक (खेळातली रबरी चकती) अडवायचा, अशी तेव्हाची समजूत. हा पक घेऊन थेट समोरच्या गोलपर्यंत जायचा: १९६३-६४ मध्ये २९ गोल, पुढच्या वर्षी ३४, त्यापुढच्या वर्षी ३८. १९६६ मध्ये ओशावाने ऑन्टारियो जिंकलं, पण मेमोरियल कपच्या अंतिम मालिकेत ऑर जांघेच्या दुखापतीने बेजार होता आणि एडमंटन ऑइल किंग्जनी ४-२ अशी मालिका घेतली. त्याचा २ क्रमांक पुन्हा कोणाला द्यायचा नाही, हे २००८ मध्ये ठरलं. तसं फार उशिरा ठरलं.

व्यावसायिक संघांनी मुलं पोसायची पद्धत साठच्या दशकाअखेर संपली आणि तिची जागा ड्राफ्टने घेतली. आता ज्युनियर लीगचे संघ पंधरा-सोळा वर्षांची मुलं क्रमाने निवडतात, आणि ज्याने निवडलं त्याच्याकडे जायचं. मुलगा नाही म्हणाला तर? १९८९ मध्ये सू सेंट मेरी ग्रेहाउंड्सनी लिंड्रॉसला पहिल्या क्रमांकावर निवडलं. गाव टोरोंटोपासून सुमारे ७०० किमी दूर. त्याने नकार दिला आणि डेट्रॉइटमध्ये खेळत बसला. डिसेंबरमध्ये ओशावाने तीन खेळाडू, ड्राफ्टमधले पुढचे हक्क आणि वर रोख रक्कम देऊन त्याला मिळवलं. पुढच्या मे महिन्यात, १९९० मध्ये, हॅमिल्टनमध्ये किचनर रेंजर्सशी अंतिम सामना दुसऱ्या जादा डावात गेला, बिल आर्मस्ट्राँगने गोल केला, ४-३, आणि ४६ वर्षांनी मेमोरियल कप परत आला. सूवाल्यांनी उट्टं काढलं पुढच्याच वर्षी: लीगच्या अंतिम मालिकेत ओशावाला हरवून. त्या हंगामात ५७ सामन्यांत ७१ गोल करणारा लिंड्रॉस समोर असूनही.

टवॅरेसच्या वेळी आड आली ती जन्मतारीख. तो २० सप्टेंबर १९९० चा, आणि ड्राफ्टसाठीची मर्यादा १५ सप्टेंबरची. पाच दिवसांपायी वर्ष जाणार होतं. लीगने २००५ मध्ये ‘असाधारण खेळाडू’ असा अपवाद केला, तो मिळालेला टवॅरेस पहिलाच, आणि ओशावाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. २००६-०७ मध्ये त्याने ७२ गोल केले; सोळा वर्षांच्या खेळाडूचा वेन ग्रेट्स्कीचा ७० चा विक्रम मोडला. नोव्हेंबर २००६ मध्ये संघ गावाच्या मध्यवस्तीतल्या नव्या हॉलमध्ये गेला. पण टवॅरेस असूनही ओशावाच्या हाती चषक लागला नाही, आणि जानेवारी २००९ मध्ये संघाने त्याला ऑन्टारियोतल्याच लंडन गावच्या लंडन नाइट्सकडे दिलं. वाचायला निर्दयी वाटतं, पण हिशोब सरळ आहे: उन्हाळ्यात तो एनएचएलमध्ये जाणारच होता, तेव्हा त्याच्या बदल्यात लहान मुलं आणि पुढचे ड्राफ्ट हक्क घेतलेले बरे. ज्युनियर संघ असाच तीन-चार वर्षांच्या पाळीने पेरणी-कापणी करतो.

पाचवा कप आला २०१५ मध्ये, क्वेबेक सिटीत. केलोना रॉकेट्सविरुद्ध जादा वेळेत २-१. दोन्ही गोल अँथनी सिरेलीचे. आणि सिरेलीला लीगच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने निवडलं नव्हतं. तो मोकळा खेळाडू म्हणून ओशावात आला होता. त्यानंतर २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं संघ लीगच्या अंतिम मालिकेत पोचला आणि दोन्ही वेळा लंडनकडून हरला.

मधल्या काळात हक्काचा नियम पुन्हा हलला. ज्युनियर लीगमध्ये एक सामना खेळला तरी अमेरिकन विद्यापीठांच्या हॉकीचं दार बंद, असं अनेक दशकं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलायचं ठरलं आणि १ ऑगस्ट २०२५ पासून बदल लागू झाला. त्यामुळे पूर्वी विद्यापीठाची वाट मोकळी राहावी म्हणून जनरल्ससारख्या संघांकडे न येणारी मुलं आता येऊ शकतात, आणि आलेली मुलं अठरा-एकोणीसाव्या वर्षी, म्हणजे ऐन भरात, विद्यापीठात निघून जाऊ शकतात.