शटरखालची फट आणि उंदराची पटाशी

पावसाळ्यात बिळांमध्ये पाणी शिरले की उंदीर आणि घुशी कोरडी जागा शोधत बंगल्याच्या गॅरेजमध्ये येतात. मग एके सकाळी गाडी सुरू होत नाही, बॉनेटखालच्या वायरी कुरतडलेल्या दिसतात आणि ‘दात वाढतात म्हणून उंदीर कुरतडतो’ असे कोणीतरी सांगतो. हे अर्धेच खरे आहे.

उंदराचे पुढचे चार दात आठवड्याला साधारण 2 ते 3 मिलिमीटर वाढतात आणि ही वाढ आयुष्यभर थांबत नाही. मात्र त्यांची झीज मुख्यतः वरचे व खालचे दात एकमेकांवर घासून होते, त्यासाठी आपल्या वायरीची गरज नसते. मराठीत या दातांना ‘पटाशीचे दात’ म्हणतात, आणि उंदराच्या बाबतीत हे नाव शब्दशः लागू पडते. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला एनॅमलचा कठीण थर असतो (लोहामुळे तो पिवळसर नारिंगी दिसतो), तर मागचे डेन्टीन (एनॅमलखालचा दाताचा भाग) मऊ असल्यामुळे लवकर झिजते आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी तिरकी धार आपोआप येत राहते. शिवाय या दातांच्या मागे मोकळी जागा असून गालांची त्वचा तिथे आत वळते व तोंड मागून बंद करते, त्यामुळे कुरतडलेला भुसा पोटात जात नाही. म्हणजे कुरतडणे हे खाणे नसून वाट उघडण्याचे आणि घरट्यासाठी चिंध्या करण्याचे काम आहे.

मात्र या पटाशीला पकड घ्यायला कडा लागते. सपाट, गुळगुळीत पत्र्यावर ती निरुपयोगी ठरते; रबरी पट्टीचा मोकळा कोपरा मात्र सहज फाडते. म्हणूनच शटरखाली नुसते रबर पुरत नाही, त्यावर जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी हवी आणि सांडपाण्याच्या तोंडाशी 6 मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी हवी, कारण लहान उंदराला तेवढी फट पुरते. मोठ्याला 12 मिलिमीटर.

उंदीर पळवण्यासाठी माणसाला ऐकू न येणारा उच्च ध्वनी सोडणाऱ्या ‘अल्ट्रासोनिक’ यंत्रांवर पैसे घालवू नयेत. उच्च वारंवारतेचा ध्वनी हवेत लवकर विरतो, खोक्यांनी अडतो आणि उंदरांना त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) 2001 मध्ये अशा यंत्रांच्या 60हून अधिक उत्पादक व विक्रेत्यांना दाव्यांसाठी शास्त्रीय पुरावा लागतो असे पत्राने बजावले होते. बॉनेटखाली ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वासही खेळत्या हवेत टिकत नाही.

रात्री गॅरेजमध्ये दिवा लावून शटर ओढावे आणि बाहेरून पाहावे. प्रकाशाची रेघ जिथे सर्वांत जाड दिसेल, तिथे पहिला पत्रा बसवावा.