डिफ रिपोर्ट

दोन टेक्स्ट फायलींची तुलना करून निघणारा फरकाचा अहवाल. पहिली फाईल दुसरीसारखी करायची तर कुठल्या लायनी काढायच्या, कुठल्या घालायच्या, कुठल्या बदलायच्या एवढंच त्यात असतं. कोणी, कधी, का बदललं हे त्यात नसतं, आणि बरेच जण तिथेच गंडतात. फायलींचा क्रम उलटा दिला की रिपोर्टही उलटा, घातलेलं ते काढलेलं दिसतं.

उगम : हा रिपोर्ट काढणाऱ्या 'डिफ' प्रोग्रामचं श्रेय साधारण बेल लॅब्स या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या डग्लस मॅकिलरॉय यांना देतात. साल कुठे १९७४ तर कुठे १९७६ सापडतं. १९७४ मध्ये प्रोग्राम युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला आणि १९७६ चा आहे तो मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांचा पेपर, त्यामुळे ७४ धरलेलं बरं. सुरुवातीचा नमुना हंट यांचा, पण जो लोकांच्या हातात गेला तो मॅकिलरॉय यांनी लिहिला. मात्र कल्पना एकदम आकाशातून पडली नाही, बेल लॅब्सच्याच मंडळींत आधी स्टीव्ह जॉन्सन यांचा जीकॉस या दुसऱ्या सिस्टिमवरचा तुलनेचा प्रोग्राम होता आणि माइक लेस्क यांचा 'प्रूफ' होता, आणि < > ही चिन्हं 'प्रूफ'मध्येच वापरात होती, तेव्हा निदान चिन्हांचं श्रेय तरी लेस्क यांच्याकडे जायला हवं. जुन्या प्रोग्रामांची अडचण म्हणजे ते अंदाजपंचे चालायचे, भरवसा नव्हता. मॅकिलरॉय-हंट यांनी दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या लायनींची सगळ्यात लांब मालिका शोधायची आणि उरलेल्याला फरक म्हणायचं असं धरलं. पुढे १९८६ मध्ये युजीन मायर्स यांची पद्धत आली, जीएनयू डिफ (डिफची मोफत, खुली आवृत्ती) आणि गिट (फायलींच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) तीच वापरतात. जीएनयू वेळ वाचवायला काही शॉर्टकट मारतो, म्हणून रिपोर्ट दरवेळी सगळ्यात छोटाच येईल असं नाही, तसा हवा तर कमांडला '-डी' हा पर्याय जोडायचा.

वाचन : समजा जुन्या यादीत रावेर, सावदा, फैजपुर, यावल, चोपडा अशा पाच लायनी आहेत. नव्या यादीत फैजपूरचा पू दीर्घ केला आणि यावलनंतर अडावद घातलं. साधा रिपोर्ट असा येतो (मूळची रोमन अक्षरं इथे देवनागरीत) :

३सी३
< फैजपुर
---
> फैजपूर
४ए५
> अडावद

डावीकडचा आकडा पहिल्या फाईलचा, उजवीकडचा दुसरीचा. सी म्हणजे बदल, ए म्हणजे भर, डी म्हणजे काढलं. '४ए५' म्हणजे जुनीच्या चौथ्या लायनीनंतर नवीची पाचवी घाला. हीच अक्षरं युनिक्सच्या जुन्या 'ईडी' एडिटरच्या कमांडमधलीही आहेत, '-ई' दिलं तर रिपोर्ट थेट त्या एडिटरला खायला घालता येतो.

युनिफाइड रिपोर्ट १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी काढला, आता सगळीकडे तोच. वजा म्हणजे जुनीतली लायन, अधिक म्हणजे नवीतली, आणि बदलाच्या आजूबाजूच्या तीन-तीन लायनी तशाच येतात. वरच्या उदाहरणात डोक्यावर @@ -१,५ +१,६ @@ येईल : जुनीत पहिल्या लायनीपासून पाच, नवीत पहिल्यापासून सहा. यात 'बदल' असा प्रकारच नाही, फैजपूर एकदा वजा आणि एकदा अधिक. लायन खालून वर हलवली तरी तसंच, एका जागी गेली आणि दुसऱ्या जागी आली.

फसवे फरक : सगळी फाईल बदललेली दिसली तर आधी लायनीच्या शेवटच्या अदृश्य खुणा बघाव्या, विंडोज आणि लिनक्सच्या वेगळ्या असतात. नुसत्या स्पेसचा घोळ असेल तर '-डब्ल्यू'. पूर्ण परिच्छेद एकाच लायनीत टाइप केलेला असेल तर एका स्वल्पविरामापायी आख्खा परिच्छेद वजा-अधिक होतो, तिथे गिटचा शब्दवार डिफ बरा.

मराठीत याहून वाईट प्रकार आहे. 'बऱ्हाणपूर' हा शब्द ऱ वापरून लिहिता येतो, नाहीतर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकूनही, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. 'ॲ' एकच अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही. डिफ बाइट बघतो, अक्षर नाही, म्हणून < आणि > समोर डोळ्यांना हुबेहूब एकच लायन दिसते आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. तिसरा घोळ ऱ चाच, तो एकच अक्षर म्हणून येतो नाहीतर र खाली नुक्ता (टिंब) देऊन. हा ऱ आणि नुक्त्याचा र हा वाद युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या ठरावीक पर्यायी रूपांचं एकच रूप करणं) करून मिटतो, बाकीचे दोन मिटत नाहीत, ते शोधून-बदलूनच काढावे लागतात.

खान्देशात : अहिराणी मजकुराच्या दोन प्रती ताडताना हा रिपोर्ट कामाचा आहे, पण जपून. अहिराणीचं लेखन अजून एकसारखं ठरलेलं नाही, एक जण 'शे' लिहितो तर दुसरा 'से', त्यामुळे तीच ओवी दोघांनी उतरवली तर जवळपास प्रत्येक लायनीला 'सी' लागतो आणि खरोखर सुटलेला शब्द त्या गर्दीत दिसत नाही. म्हणून दोन्ही प्रतींच्या कॉपीवर आधी एकच रूप करून घ्यायचं, मग डिफ चालवायचा, मूळ प्रतींना मात्र हात लावायचा नाही, कारण बोलीच्या अभ्यासात 'शे' कुठे आणि 'से' कुठे हीच खरी माहिती असते.