वीतभर खेळणं घराएवढं करताना

खेळण्यांच्या थीमवर नवं अम्युझमेंट पार्क आणि रिसॉर्ट होणार अशी बातमी आली, की सोबतचा फोटो ठरलेला असतो. काचेच्या पेटीत मॉडेल, त्यात बोटाएवढे सैनिक, डुलणारा लाकडी घोडा, रंगीत ठोकळ्यांचा किल्ला, आणि पेटीभोवती कौतुकाने वाकलेली मंडळी. बघणाऱ्याला वाटतं, आता एवढंच पन्नासपट मोठं करायचं की झालं. पण मॉडेल उभं राहिलं म्हणून खरं बांधकाम उभं राहील, असं अजिबात नाही. उद्या कोणी साताऱ्यात किंवा सांगलीत असा घाट घातला, तर पहिला प्रश्न जागेचा किंवा पैशाचा असेल; दुसरा मात्र भूमितीचा असायला हवा.

शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात ‘माहीत आहे का?’ खाली एक वाक्य हमखास असतं: मुंगी माणसाएवढी असती तर तिने ट्रक उचलला असता. ते साफ चूक आहे. माणसाएवढ्या मुंगीला स्वतःच्या पायांवर उभंही राहता येणार नाही. काचेच्या पेटीतल्या मॉडेलची आणि या मुंगीची चूक एकच.

एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या आणि दहापट मोठा करा. लांबी दहापट झाली, पृष्ठभाग शंभरपट, आणि घनफळ हजारपट. वजन घनफळाबरोबर वाढतं. पण पाय, खांब, दोरी किंवा स्नायू यांची ताकद ठरते ती त्यांच्या कापाच्या क्षेत्रफळावर. ऊस आडवा कापल्यावर जी चकती दिसते, तेवढ्यावर. म्हणजे ओझं हजारपट, ते पेलणारा काप शंभरच पट. दर चौरस सेंटिमीटरवर ताण दहापट. जितक्या पट मोठं, तितक्या पट दुबळं. गॅलिलिओने 1638 मध्ये हेच मांडलं होतं आणि मोठ्या प्राण्यांची हाडं लहान प्राण्यांच्या मानाने जाडजूड का लागतात, ते चित्र काढून दाखवलं होतं.

आपल्याकडे हे गणित गणपतीच्या कारखान्यात रोज सोडवलं जातं. अर्ध्या फुटाची शाडूची मूर्ती भरीव असली तरी आपल्या पायांवर मजेत उभी राहते. तीच भरीव मूर्ती सहा फुटांची करायची, म्हणजे बारापट. किलोभराच्या मूर्तीचं वजन 12 × 12 × 12, म्हणजे 1728 किलो. घोट्याचा काप वाढला फक्त 144 पट. मूर्ती उभ्याउभ्या घोट्यात मोडेल. म्हणून मोठी मूर्ती पोकळ, आत लाकडाचा सांगाडा आणि मातीत काथ्या. मूर्तिकाराला घनफळाचं सूत्र कोणी शिकवलेलं नसतं, पण सांगाडा कितव्या फुटापासून लागतो ते त्याच्या हाताला माहीत असतं.

आता ठोकळ्यांकडे. लेगोच्या सध्याच्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज 28 जानेवारी 1958 चा आहे. आठ गुट्ट्यांचा (वरच्या गोल उंचवट्यांचा) नेहमीचा ठोकळा 31.8 मिलिमीटर लांब, 15.8 रुंद, 9.6 उंच, गुट्टीचा व्यास 4.8 मिलिमीटर, आणि एका गुट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 8 मिलिमीटर. खालच्या बाजूला पोकळी आणि मधोमध तीन नळ्या. गुट्टी भिंत आणि नळी यांच्या बेचक्यात शिरते. तिथली जागा तिच्यापेक्षा केसभर कमी ठेवलेली असते, म्हणून प्लॅस्टिक किंचित वाकतं, परत सरळ व्हायला बघतं आणि गुट्टीला दाबून धरतं. हा दाब गुणिले घर्षण म्हणजे ठोकळ्याची पकड. ना गोंद, ना खिळा. ही केसभर जागा साच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळावी लागते. जागा थोडी जास्त उरली तर ठोकळा गळून पडतो, कमी पडली तर पोराच्या दातांना काम लागतं.

या ठोकळ्याचं वजन साधारण अडीच ग्रॅम. पकड सोडवायला समजा एक किलोभाराची ओढ लागते. म्हणजे पकड वजनाच्या 400 पट. सगळी मापं दहापट करा. प्लॅस्टिक पूर्वीइतक्याच टक्क्यांनी वाकेल, म्हणून दर चौरस मिलिमीटरवरचा दाब तोच. टेकणारं क्षेत्रफळ शंभरपट, म्हणून पकड 100 किलो. ठोकळ्याचं वजन मात्र अडीच किलो. 400 पट होती ती 40 पटींवर आली. शंभरपट मोठा केला तर ठोकळा तीन मीटरहून लांब, वजन अडीच टन, आणि पकड वजनाच्या जेमतेम चौपट. चारशेपट केला की हिशेब संपला: पावणेतेरा मीटरचा ठोकळा उलटा धरला तर स्वतःच्या वजनानेच निसटेल.

तिथवर पोचायच्या आधीच साचा हात टेकतो. प्लॅस्टिक गार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, कारण उष्णतेला जास्त अंतर कापायचं असतं आणि वाटेत तापमानाचा उतारही कमी असतो. दीड मिलिमीटरची भिंत पाच सेकंदांत गार होत असेल, तर पंधरा मिलिमीटरच्या भिंतीला पाचशे सेकंद, म्हणजे आठ मिनिटांवर. तेवढ्या वेळात बाहेरची साल घट्ट होते, आतला गाभा मागाहून आकसतो आणि सालीला आत ओढतो. मग पृष्ठभागावर खळगे पडतात, नाहीतर आत पोकळी राहते. ठोकळ्यांसाठी वापरतात ते एबीएस प्लॅस्टिक साच्यात साधारण अर्धा टक्का आकसतं. दहापट ठोकळ्याला तेच दीड मिलिमीटर. ते सगळीकडे सारखं आकसलं तर साच्यात भरपाई करता येते. जाड भागात सारखं आकसत नाही, आणि केसभर जागेचं सगळं गणित तिथे विस्कटतं.

म्हणून अशा पार्कात ठोकळे मोठे करत नाहीत. डेन्मार्कमधल्या बिलुंड इथलं पहिलं लेगोलँड 1968 मध्ये उघडलं. तिथल्या छोट्या शहरातल्या इमारती लहान ठोकळ्यांच्याच आहेत, 1:20 च्या आसपास प्रमाणात. पण त्या नुसत्या पकडीवर सोडलेल्या नसतात. ठोकळे चिकटवलेले असतात आणि मोठ्या आकृतींच्या आत पोलादी सांगाडा असतो. शाडूच्या गणपतीचाच न्याय. ‘इतके लाख ठोकळे वापरले’ अशी जाहिरात वाचताना वजन कोण पेलतंय, हे लक्षात ठेवलेलं बरं.

लहान करताना गणित उलटं चालतं. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची. 1:20 मध्ये ती साडेपाच फूट खोल आणि अडीच फूट रुंद होईल, आणि तिच्या कमानी स्वतःच्या वजनाच्या हिशेबात वीसपट मजबूत. चिकटवून केलेली चुकीची कमानही तिथे निमूट उभी राहील. काचेच्या पेटीतलं मॉडेल नेमकं असंच फसवतं.

आपल्या हवेत आणखी एक भानगड आहे. एबीएस तापल्यावर पोलादाच्या सातपटीहून जास्त प्रसरण पावतं. पहाटेचा गारठा आणि मे महिन्याच्या दुपारी तापलेला गडद पृष्ठभाग यांत 40 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात पाच मीटर प्लॅस्टिक साधारण 18 मिलिमीटर वाढतं, आतलं पोलाद अडीच. कवच सांगाड्याला घट्ट आवळून टाकलं, तर हा दीड सेंटिमीटर कुठेतरी तडा पाडूनच बाहेर येतो. त्यावर उपाय म्हणजे लांबट भोकं: एका टोकाला बोल्ट पक्का, बाकीच्यांना सरकायला वाव.

म्हणून घराएवढा सैनिक किंवा घोडा बहुधा फायबरचा करतात. साच्यात आधी अर्धा मिलिमीटर जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), मग काचतंतूची मॅट आणि रेझिन, थरावर थर. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव) आधी नीट मिसळायचं, हार्डनर नंतर, एक-दोन टक्के. उन्हाळ्यात कमी, नाहीतर रेझिन डब्यातच घट्ट होतं. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, स्फोट होतो. मॅटमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर रोलरने दाबून काढायचे. राहून गेले तर दोन पावसाळ्यांत तिथे फोड येतात. आणि पोकळ आकृतीच्या तळाला पाणी जायला भोकं हवीतच. ती बुजली की सांगाडा आतून गंजतो आणि बाहेरचा रंग मात्र नवाकोरा दिसत राहतो.

पोकळ केलं की वजन घटतं आणि वारा उरावर बसतो. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर दिलेला आहे. उदाहरणापुरता तोच घेऊ. दाब म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग, साधारण 913 न्यूटन प्रति चौरस मीटर. सहा मीटर उंच, तीन मीटर रुंद सैनिकावर पावणेदोन टनांच्या आसपास रेटा येतो, तोही मध्यावर, तीन मीटर उंचीवर. म्हणजे उलथवणारा जोर, रेटा गुणिले उंची, पाच टन-मीटर. सैनिकाचं वजन सांगाड्यासह टनभर धरलं, तर त्याला सावरणारा जोर, वजन गुणिले मध्यापासून कडेपर्यंतचे दीड मीटर, दीड टन-मीटर. तो आडवा होणार. खाली तीन बाय तीन मीटरचा अर्धा मीटर जाड काँक्रीटचा पाया दिला, की पावणेअकरा टन वजन मिळतं आणि सावरणारा जोर सतरा-अठरावर जातो. सांगलीच्या काळ्या मातीत हा पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागेल, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

राहिले पाळणे. दहा सेंटिमीटर दोरीचा खेळण्यातला झोका एक हेलकावा 0.63 सेकंदांत पुरा करतो. दहा मीटर हातांच्या कोलंबसला, म्हणजे जहाजाच्या मोठ्या झोक्याला, त्यासाठी सव्वासहा सेकंद लागतात. लांबी शंभरपट, वेळ दहापटच. पण 60 अंशांवरून सोडलेला झोका लहान असो की मोठा, तळाशी बसणाऱ्याला वजन दुप्पटच जाणवतं. लांबी त्या सूत्रातून गळून पडते. जे जाणवतं ते तेच, पण पिनवर, म्हणजे झोका ज्यावर टांगलेला असतो त्या दांड्यावर, येणारा भार मात्र टनांत मोजायचा, आणि तोही प्रत्येक हेलकाव्यात उलटसुलट.

जत्रेतल्या पाळण्यावर लिंबू-मिरची बांधलेली असते, नव्या पार्कातही नारळ फुटेल. त्याने पिन झिजायची थांबत नाही. बसण्याआधी बघायचंच असेल, तर बोल्टकडे बघा. नीट सांभाळलेल्या पाळण्यात नट आवळून झाल्यावर नट, बोल्ट आणि खालची पट्टी यांवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढलेली असते. नट जरासा फिरला की ती रेघ तुटते, आणि सकाळच्या तपासणीत ते शिडीखालूनही दिसतं.